चौथ्याची सीट

१

मी गाड्यांवर लिहितो, पण इंजिनावर नाही. इंजिनावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ते बॉनेट उघडून आत डोकं घालतात आणि बाहेर येतात ते आकडे घेऊनच. मी दार उघडून आत बसतो. सीट कमरेला धरते का, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता येतं का, एसीची हवा मागच्या पोरापर्यंत पोचते की पुढे बसलेला बापच सगळी खातो, हे मी बघतो. माझ्या सदराचं नाव ‘आतून’. वाचणारे बरेच आहेत, कारण गाडी विकत घेताना नवरा इंजिन बघतो आणि घर सीट बघतं. शेवटी घराचंच ऐकलं जातं.

कंपन्या मला गाडी आठवडाभर वापरायला देतात. माझा एक नियम आहे. गाडीत घरच्यांनी जे ठेवलं, ते आठवडाभर तिथून हलवायचं नाही. बिस्किटाचा पुडा, ओला टॉवेल, पोरीच्या वहाणा, सगळं राहू द्यायचं. गाडीत संसार मावतो का, ते तेव्हाच कळतं. मी याला शास्त्र म्हणतो. आकांक्षा, माझी बायको, याला आळस म्हणते.

त्या एप्रिलमध्ये आलेली गाडी सहा सीटांची होती. पुढे दोन, मधल्या रांगेत सुट्या आरामखुर्च्यांसारख्या दोन आणि त्यांच्यामागे तिसऱ्या रांगेत दोन. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण नावं ठेवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. पुढच्या पडद्यावर सहा छोट्या खुर्च्यांचं चित्र होतं. माणूस बसला, पट्टा लावला, की त्याची खुर्ची हिरवी. रिकामी असली की राखाडी. छतात एक सेन्सर होता, तो म्हणे माणसाचा श्वास ओळखायचा. बंद गाडीत चुकून मूल राहिलं तर गाडी हॉर्न वाजवणार आणि मालकाच्या मोबाइलवर संदेश पाठवणार. मागच्या प्रवाशांकडे बघायला आतला कॅमेराही होता. शिवाय कोण कुठे बसतं आणि त्याला एसी किती लागतो, तेही गाडी लक्षात ठेवायची.

“आमच्या सासूबाईंनी एवढं लक्षात ठेवलं असतं तर,” आकांक्षा म्हणाली. सासूबाई मागेच उभ्या होत्या. म्हणजे माझी आई, मालन.

आईचं अख्खं आयुष्य लालबागला गेलं. आधी चाळीत, आता त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. गाडी बघायला ती मुद्दाम खाली आली होती. नारळ फोडायचा हट्ट मी मोडून काढला होता, कारण गाडी आपली नव्हती. पण आम्ही निघतोय म्हटल्यावर तिने बोटांवर मोजलं. मी, आकांक्षा आणि आमची सात वर्षांची ओवी.

“तिघांनी मिळान भायर पडा नये रे,” आई म्हणाली. “एक खडो घ्या वांगडा. चौथो.”

तीन तिगाडा, काम बिगाडा. माझ्या लहानपणापासून हे चालत आलेलं. तिघं निघाले की वाटेतला एक दगड उचलून खिशात टाकायचा, तो चौथा माणूस. पोचल्यावर त्याला सांगायचं, काम झालं, आता तू जा, आणि तिथेच टाकून द्यायचा. वडील कोर्टात गेले तरी त्यांच्या खिशात एक दगड असे.

पण आमच्या टॉवरखाली दगड कुठले? सगळीकडे फरशा. मग ओवी मागच्या बाजूला पळाली. तिथली शेवटची चाळ नुकतीच पाडली होती आणि पत्र्याच्या आड तिचा ढिगारा पडलेला होता. ती लगेचच परत आली. इतक्या लवकर की पत्र्यापर्यंत तरी गेली होती का, अशी मला शंका आली. हातात लिंबाएवढा काळा दगड.

“कुठून उचललास?” मी विचारलं.

“दिला,” ती म्हणाली, आणि आत चढून बसली.

मी दगड हातात घेऊन बघितला. ओला होता. एप्रिलच्या उन्हात.

२

गिरगावात आकांक्षाचं माहेर. आम्ही तिकडेच निघालो होतो. मी चालवत होतो, आकांक्षा शेजारी, ओवी मधल्या रांगेत तिच्या उंच गादीवर. शेजारच्या खुर्चीवर तिने दगड ठेवला होता.

सीट खरोखर छान होत्या. हे मी आजही म्हणतो. मांड्यांना पूर्ण टेकू, उन्हात तापत नव्हत्या आणि आतून हवा खेळायची. ओवीने पहिल्या पाच मिनिटांत सगळी बटणं शोधून काढली. तिला सर्दी लवकर होते, म्हणून तिने आपल्याकडचा एसी सव्वीसवर नेला. मग तिला डोक्यावरचा छोटा दिवा सापडला. बोट लावलं की लागायचा, परत लावलं की विझायचा. तिने तो दोनदा लावला-विझवला आणि म्हणाली, “बाबा, हे माझं टाटा.”

भायखळ्याच्या पुलावर गाडी टिंग टिंग करू लागली. पट्टा लावा, असा इशारा. मी पडद्याकडे पाहिलं. आमच्या तीन खुर्च्या हिरव्या होत्या आणि चौथी लाल. माणूस आहे, पट्टा नाही.

“ओवी, बाजूला दप्तर ठेवलंयस का?”

“नाही. तोच आहे.”

“कोण?”

“चौथा.”

आकांक्षा खो खो हसली. “लाव बाई त्याला पट्टा. नाहीतर पोलीस पकडतील.”

ओवीने दगडावरून पट्टा ओढून लावला. टिंग टिंग थांबलं. चौथी खुर्ची हिरवी झाली.

मी हसलो, पण मनात नोंद केली. वजन ओळखणारे सेन्सर कधीकधी भलतेच संवेदनशील असतात, आपण नुसता मोबाइल ठेवला तरी ओरडतात. लेखात एक ओळ सापडली म्हणून मला बरंच वाटलं. परीक्षण करणाऱ्याला गाडीतली चूक सापडणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा.

घरी परतलो तेव्हा आईने दारातच विचारलं, “टाकलस मा खडो?”

“असू दे गं आई. सेन्सर तपासायला कामाला येतोय.”

“अरे, आनलेल्याक परत सोडूक व्हयो,” ती म्हणाली. मी चप्पल काढत होतो. नियम म्हणजे नियम, गाडीतली वस्तू आठवडाभर हलवायची नाही. हा नियम माझा होता. आईचाही एक नियम होता, पण तो मला तेव्हा नियम वाटला नाही.

३

सेन्सरची भानगड काय ते बघावं म्हणून मी पार्किंगमध्ये दुसऱ्या दिवशी प्रयोग केला. ओवीशेजारच्या खुर्चीवरून दगड उचलला, पट्टा लावलेलाच राहू दिला आणि तिथे गव्हाची पिशवी ठेवली. खुर्ची राखाडीच. पिशवीवर दुसरी पिशवी ठेवली. तरीही राखाडीच. मग दोन्ही पिशव्या काढून दगड ठेवला.

हिरवी.

मी गाडीतच बसून राहिलो. पार्किंगच्या पंख्यांची घरघर येत होती. आमची गाडी बंद होती, तरी आतून एक बारीक आवाज येत होता. कोणी नाकाने श्वास घ्यावा आणि बराच वेळ सोडूच नये, तसा. मी कान दिला की थांबायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं स्वतःला सुनावून मी कंपनीच्या सुशांतला फोन लावला. गाड्या देणं-नेणं त्याच्याकडे असतं.

“हितू सर, कॅलिब्रेशनचा लोचा असेल,” तो म्हणाला. “या गाडीला तसं काही झालं नव्हतं कधी. तुम्ही चालवा बिनधास्त, परत आली की बघतो मी.”

कॅलिब्रेशन. हा शब्द ऐकला की माणसाला झोप येते. मलाही आली.

संध्याकाळी ओवीला दादरच्या पोहण्याच्या क्लासवरून आणायला गेलो. आम्ही दोघंच. पडद्यावर तीन खुर्च्या हिरव्या. तिकडे लक्ष द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. हिंदमाताजवळ गाडी अडकली आणि पाठीमागून गार हवेचा झोत माझ्या मानेवर आला. ओवीशेजारच्या खुर्चीचा एसी सोळावर गेला होता. सोळा म्हणजे त्या गाडीचं सगळ्यात गार टोक.

“ओवी, एवढं गार नको करू. शिंका येतील.”

“मी नाही केलं. त्याला गरम होतं.”

“काय बोलतो गं तुझा हा चौथा?” मी हलकंच विचारलं. पोरांचे असे मित्र असतात, मला माहीत आहे. माझाही होता.

“तो बोलत नाही. विचारतो.”

“काय विचारतो?”

“बाईंचं नाव काय. मला कुठली भाजी आवडत नाही. मी पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपते.” ती ओल्या केसांचं पाणी पुसत होती. “आज विचारलं, आजी माझी वेणी कशी घालते.”

“मग तू सांगितलंस?”

“सगळं सांगितलं. तो नीट ऐकतो, बाबा. तुमच्यासारखं नाही.”

मी आरशात पाहिलं. ओवी एकटी बसलेली होती. पण शेजारच्या खुर्चीची गादी मध्यभागी दबलेली होती. एवढ्याशा दगडाने गादी दबत नाही. सीटची गादी मऊ आहे, टेकू थोडा कमी पडतो, असं मी त्या रात्री लेखात लिहिलं. ते वाक्य अजून तसंच छापलेलं आहे.

४

गाडी परत द्यायच्या दिवशी गिरगावात सासऱ्यांचा, अच्युतरावांचा वाढदिवस होता. दुपारचं जेवण तिकडे. आईलाही आग्रहाचं बोलावणं होतं. गाडीला पाय ठेवायला पायरी होती, तिच्यावरून ती हळूहळू चढली आणि मधल्या रांगेत बसली.

“आज आमी चौघा,” ती समाधानाने म्हणाली. “आज खडो नको.”

दगड गाडीतच होता. मला आठवण झाली, पण एसी चालू, पेढ्यांचा डबा आकांक्षाच्या मांडीवर, आधीच उशीर झालेला. ओवीने तेवढ्यात दगड उचलून तिसऱ्या रांगेत नेला होता आणि स्वतःही तिथेच चढली होती.

“आजीसाठी जागा केली,” ती म्हणाली. “आम्ही मागे बसतो.”

मी पडद्याकडे पाहिलं. पाच हिरव्या खुर्च्या. मला वाटलं, आज ही गाडी परत जाणार, कटकट संपली. एवढं वाटून मी गिअर टाकला.

वाटेत ओवीचा आवाज मधूनमधून येत होता, अगदी हळू. कोणाची तरी समजूत काढावी तसा. भायखळ्यानंतर तोही थांबला. आई डुलक्या घेत होती. मागचा दिवा एकदा लागला, विझला, परत लागला, विझला. टाटा. कोणाला करतेय, असा विचार माझ्या मनात आला आणि सिग्नल सुटला.

गिरगावात चाळीच्या तोंडाशी गाडी लावली. आई उतरली, आकांक्षा उतरली. ओवी सर्वांत शेवटी उतरली. एरवी ती उडी मारते. त्या दिवशी आधी एक पाय ठेवला, जमीन चाचपली आणि मग दुसरा. पाय आखडला असेल. तिसऱ्या रांगेत पाय पसरायला जागा कमीच होती.

मी गाडीला कुलूप लावून वळलो आणि हॉर्न वाजायला लागला.

मोबाइलवर संदेश आला: मागच्या सीटवर मूल आहे.

मी दार उघडलं. मधली रांग रिकामी. तिसरीत वाकून पाहिलं. ओवीचा पट्टा लावलेलाच होता, रिकाम्या सीटवरून ताणलेला. पट्टा न सोडता कशी काय उतरली ही पोरगी, असं वाटलं. अंगाने बारीक आहे, खालून सरकली असेल. मी पट्टा तसाच राहू दिला आणि दार लावलं. परत हॉर्न.

“ओ, गाडी कोणाची आहे? म्हातारी माणसं झोपलीत इकडे!” वरून एक बाई ओरडल्या.

आकांक्षाने कपाळाला हात लावला. “बंद कर ना रे ते. सगळी चाळ बघतेय.”

ओवी जिन्याशी उभी होती. आजीचा हात धरून, शांतपणे माझ्याकडे बघत. माझी मुलगी माझ्यासमोर उभी होती. मग मोबाइलवरचा तो संदेश खरा कसा असेल? मी मोबाइलवरूनच इशारा बंद केला. हॉर्न थांबला.

आम्ही वर गेलो. गाडी भर उन्हात उभी होती. जेवण झालं, पेढे झाले, सासऱ्यांनी जुन्या गिरगावच्या गोष्टी सांगितल्या. ओवीने त्या दिवशी वांग्याची भाजी मागून खाल्ली. वांगं बघितलं की ती तोंड फिरवते. आकांक्षाला किती आनंद झाला.

उन्हं कलली तेव्हा आम्ही उठलो.

५

परतताना ओवी तिसऱ्या रांगेत जायला तयार नव्हती.

“मी पुढेच बसणार,” ती म्हणाली, आणि आजीच्या शेजारी मधल्या खुर्चीवर बसली. हात मांडीवर ठेवून. बटणांना हात लावला नाही. खिडकीबाहेरही बघितलं नाही, समोर बघत बसली.

गाडी आतून भट्टी झाली होती. मी एसी चालू केला आणि पडद्यावर खुर्च्यांचं चित्र आलं. माझी हिरवी. आकांक्षाची हिरवी. आईची हिरवी. ओवीची राखाडी. आणि तिसऱ्या रांगेतली एक हिरवी.

“ओवी, पट्टा लाव.”

“लावलाय, बाबा.”

लावलेला होता. मी मागे वळून पाहिलं. खुर्ची राखाडीच. अख्खा आठवडा तिची खुर्ची एकदाही चुकली नव्हती. उंच गादीमुळे असेल, मी मनाशी म्हटलं. पण ती गादी तर पहिल्या दिवसापासून होती.

आईला एकदम आठवण झाली. “खडो खय आसा? गाडीतच रवलो काय?”

“नाहीये,” ओवी म्हणाली. “तो गेला.”

“तेका जा म्हणान सांगलंस मा, बाय?”

“सांगितलं.” ओवी आजीकडे वळली. “म्हटलं, तू बस. मी जाते.”

आईचा हात ओवीच्या केसांवर होता. तो तिने काढून घेतला. मग डोळे मिटून घेतले. पोरीचं उलटसुलट बोलणं, असं म्हणून आकांक्षा हसली. मीही हसलो असतो, पण मला घाम फुटला होता आणि एसी तर पूर्ण चालू होता.

काळाचौकीच्या सिग्नलला आम्ही थांबलो. का कोण जाणे, मी पडद्यावर आतल्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं.

मधली रांग दिसली. आई, डोळे मिटलेली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर काही तरी काळसर होतं, चित्र तिथे नीट उमटत नव्हतं. त्यांच्यामागे तिसरी रांग. तिथे ओवी बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद, दोन्ही हात पट्ट्यावर. ती कॅमेऱ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. बाबा, बाबा, बाबा, असे.

“बाबा, सिग्नल सुटला,” माझ्या मानेमागून ओवी म्हणाली.

मागच्या गाड्यांनी हॉर्न मारले. मी गाडी पुढे काढली आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तेव्हा चित्र गेलं होतं. खुर्च्या होत्या. तिसऱ्या रांगेतली हिरवी.

६

लालबागला सुशांत आणि त्याचा ड्रायव्हर गेटपाशीच उभे होते. मी उतरलो आणि तिसरी रांग उघडली. हात घातला. सीटवर, सीटखाली, कोपऱ्यांत. दगड नव्हता. काहीच नव्हतं. सीट मात्र ओलसर होती आणि गरम. उन्हात तापलेली गाडी, मी म्हटलं. मी काय काय म्हटलं त्या दिवशी! माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

“काय हरवलं, सर?” सुशांतने विचारलं.

काय सांगणार होतो? ओवी आकांक्षाचं बोट धरून लिफ्टकडे चालली होती. तिच्याकडे बोट दाखवून, माझी मुलगी हरवली असं सांगायचं? मी किल्ली दिली. गाडी शिवडीकडे निघून गेली. तिथे कंपनीचं गोदाम आहे.

त्या संध्याकाळी ओवी सोफ्यावर झोपली आणि मी तिला उचलायला गेलो. एका दमात उचलता आलं नाही. सात वर्षांची पोरगी रोज खांद्यावर बसते, ती मला पेलेना. हात लावला तर त्वचा गार. तिने झोपेतच सांगितलं, “एसी सोळावर कर ना.” पलंगावर बरोबर तिच्या बाजूला सरकली. तिला तिच्या बाईंचं नाव माहीत होतं, मैत्रिणींची माहीत होती, पाढे माहीत होते. मी एकेक विचारत गेलो आणि ती एकेक सांगत गेली. शिकवून ठेवल्यासारखं.

सकाळी वेणी घालायला ती आजीपाशी जाऊन बसली. आई उठून स्वयंपाकघरात आली. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं.

“माका तिची येणी घालूक सांगू नको, हितू,” ती म्हणाली. आणि मग रडली. वडील गेले तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

तेवढ्यात सुशांतचा फोन आला.

“सर, तुम्ही मागच्या सीटचा अलर्ट बंद केला होता का? आम्ही रीसेट मारला, तर आता थांबतच नाहीये. मूल आहे म्हणतेय. पोरं घाबरलीत इथली. सीट उघडून बघितली, सगळं ओके आहे. आणि तिसऱ्या रांगेचा एसी आपोआप सव्वीसवर जातोय. आम्ही बदलला की परत सव्वीस.”

मी चप्पलही न घालता निघालो.

शिवडीच्या गोदामात गाड्या ओळीने उभ्या होत्या. एकटी तीच ओरडत होती. मी आत बसलो, दार लावलं आणि हॉर्न थांबला. मी मधून वाट काढून तिसऱ्या रांगेत गेलो. शेजारची सीट रिकामी होती. गादी मध्यभागी दबलेली होती, थोडीशीच.

“ओवी,” मी म्हटलं.

डोक्यावरचा छोटा दिवा लागला. विझला. परत लागला.

विझला नाही.

७

ती गाडी मी विकत घेतली. परीक्षणात इतकं कौतुक केलं होतं की कोणाला नवल वाटलं नाही. आकांक्षाला वाटतं, मला गाडीचं वेड लागलंय. ती काही बघत नाही आणि मी तिला काही सांगत नाही. तिच्याजवळ तिचं मूल आहे, शहाणं, सगळं खाणारं, पहिला नंबर काढणारं. ते मी तिच्याकडून कसं काढून घेऊ?

सेन्सर बिघडलाय, असंही असू शकतं. मी रोज स्वतःला ते सांगतो. तपासायचा मार्ग एकच आहे. वर आमच्या घरात आहे त्या मुलीला खाली आणायचं, गाडीत बसवायचं आणि म्हणायचं, काम झालं, आता तू जा. पण ती गाडीत बसत नाही. गाडी लागते म्हणते. उचलून बसवणं मला जमत नाही, कारण आता ती मला अजिबातच पेलत नाही. आणि बसवलीच, तर दोघींमधली नेमकी कोण उतरेल? आईला विचारलं. आईलाही माहीत नाही. तिच्या माहितीत दगड टाकायला कोणी विसरलंच नव्हतं.

आई रोज सकाळी पार्किंगमध्ये येते, मागचं दार उघडते, कंगवा घेऊन बसते आणि हवेत वेणी घालते. वॉचमन बघतात. बघू देत.

काल जेवताना वरची मुलगी म्हणाली, “बाबा, आपण ती गाडी विकून टाकू या ना. मला नाही आवडत.” तिने माझ्याकडे पाहिलं, शांत, डोळे न मिटता. मग ताटातलं वांगं संपवलं.

मी म्हटलं, बघू. हात धुतले आणि किल्ली घेऊन खाली आलो. मे महिना आहे, पार्किंगमध्ये फार उकडतं. एसी बंद ठेवून ओवीला जास्त वेळ बसवता येत नाही.